३४९ रुपयांचं घडीचं भिंग, खवले कीड ओळखायला घेतलं होतं, वर्षभर वापरून लिहितेय

आधीच सांगून टाकते, भिंग झकास आहे आणि डब्यावर छापलंय ते खोटं आहे. डब्यावर ठळक ३० एक्स, म्हणजे तीसपट मोठं दाखवणारं, लिहिलंय, प्रत्यक्षात १० एक्स आहे, घरी मोजून बघितलं मी, कसं ते खाली सांगते. तरी परत नाही केलं, कारण मला १०च हवं होतं, फक्त घेताना ते माहीत नव्हतं. कंपनीचं नाव घेत नाही, तसंही हेच भिंग ऑनलाइन पाच-सहा नावांनी मिळतं, फोटो तोच, डबा तोच, किंमत २०० पासून ७०० पर्यंत काहीही. मला ३४९ ला पडलं, वर डिलिव्हरीचे ४०. पुण्यात मुलाला असल्या वस्तू दुसऱ्या दिवशी मिळतात, आम्हाला वेंगुर्ल्याला नऊ दिवस लागले, त्यातले तीन दिवस ते कुडाळात पडून होतं आणि कुरिअरवाला रोज फोन करून सांगायचा की ताई तुमच्याकडे फोन लागत नाही.

आता घेतलं का ते. आमचं घर उभादांड्याच्या बाजूला, समुद्राचा वारा थेट अंगावर, मागे विहिरीकडे सासूबाईंनी लावलेला अनंत आहे. चांगला माझ्या डोक्याच्या वर गेलेला, जूनच्या पहिल्या पावसात फुलला की रात्री दार उघडं ठेवून झोपावंसं वाटतं. दोन वर्षांपूर्वी त्याची पानं काळी पडायला लागली. काळी म्हणजे जळल्यासारखी नाही, तर कंदिलाच्या काचेवर काजळी धरते ना तशी, बोटाने पुसली तर निघते आणि खाली पान चांगलं हिरवंगार. शेजारच्या काकींचं निदान तयार होतं, "दिष्ट लागली गो झाडाक". कृषी सेवा केंद्रात एक काळं पान नेऊन दाखवलं, काउंटरवरच्या मुलाने पान हातातसुद्धा न घेता सांगितलं, बुरशी आहे वहिनी, हे मारा. बुरशीनाशक मारलं. पंधरा दिवसांनी परत काळं. परत मारलं. तीन फवारण्या, सहाशेच्या वर रुपये, माझे दोन रविवार आणि अनंताला त्या वर्षी मोजून अकरा फुलं.

त्या मुलाचं चुकलं म्हणावं तर अर्धंच चुकलं. काळं होतं ती बुरशीच होती, काजळी. पण ती बुरशी पानाला खात नाही, ती पानावर सांडलेल्या साखरपाण्यावर वाढते. साखरपाणी येतं कुठून तर वरच्या पानाच्या पाठीला चिकटून बसलेल्या किड्याच्या, म्हणजे खवले किडीच्या, मागून. म्हणजे काळं पान खालचं आणि चोर वरच्या पानावर, आणि मी दर वेळी काळी पानं तोडून दुकानात नेत होते, ज्यांच्यावर कीड जवळजवळ नव्हतीच. हे मला खूप उशिरा कळलं आणि कळलं ते या भिंगामुळे.

वस्तू कशी आहे ते सांगते. सोनार डोळ्याला लावतात तसलं घडीचं भिंग, स्टीलचं कव्हर, काच साधारण रुपयाच्या नाण्यापेक्षा थोडी लहान, कव्हरमधून फिरवून बाहेर काढायची, काम झालं की आत. वजन काहीच नाही. बाजूला दोन बारीक एलईडी, बटण सेलवर चालणारे. सोबत एक रेक्झिनचं पाकीट येतं, ते पहिल्या पावसाळ्यातच सोललं, त्याची अपेक्षा ठेवू नका. काच मात्र खरंच चांगली, वर्णनात ट्रिपलेट म्हणजे तीन काचा जोडलेलं लिहिलंय आणि ते खरं असावं, कारण आलेखवहीचा कागद खाली धरून बघितला तर चौकोनांच्या रेघा कडेपर्यंत सरळ दिसतात. स्वस्तातल्या एका काचेच्या भिंगात त्याच रेघा कडेला वाकड्या होतात आणि त्यांना निळी-पिवळी किनार येते. घेतल्या घेतल्या ही टेस्ट करा, दोन मिनिटांचं काम आहे, रिटर्नची मुदत संपायच्या आत तरी कराच.

आणि ताकद मोजायची पण सोपी रीत आहे. रात्री खोलीतली ट्यूब लावायची, टेबलावर पांढरा कागद ठेवायचा, त्याच्यावर भिंग आडवं धरून वर-खाली करायचं, एका जागी ट्यूबची छोटीशी प्रतिमा कागदावर स्वच्छ उमटते. तिथे थांबून कागदापासून काचेपर्यंतचं अंतर पट्टीने मोजायचं आणि २५ ला त्या आकड्याने भागायचं. माझं अंतर अडीच सेंटिमीटर भरलं, म्हणजे १० एक्स. खरं ३० एक्सचं असतं तर हे अंतर जेमतेम ८ मिलिमीटर भरलं असतं. आमचे हे म्हणाले, कंपनीला कळव. कळवलं. उत्तर आलं, "प्रिय ग्राहक, आपल्या अभिप्रायाबद्दल धन्यवाद." असो.

पण खरं सांगू, ३० एक्सचं मिळालं असतं तर मी ते चार दिवसांत कपाटात टाकलं असतं. ८ मिलिमीटरवर पान धरायचं म्हणजे स्वतःच्याच डोक्याची सावली पडते, दिसणारा भाग तिळाएवढा, हात जरा हलला की किडा गायब. १० मध्ये पान आणि भिंग यात बोटभर जागा राहते, सुईसुद्धा आत घालता येते आणि खवले किडीसाठी तेवढं भरपूर आहे.

वापरायची पद्धत मात्र कोणी सांगत नाही, त्या डब्यातल्या कागदावर तर नुसती चिनी अक्षरं. मी पहिले आठ दिवस भिंग पानाजवळ धरून लांबून बघत होते, गुप्तहेरांच्या चित्रात असतं तसं, आणि मनात म्हणत होते कसलं टुकार आहे हे. तसं नसतं. भिंग डोळ्याजवळ, अगदी पापणी लागेल इतकं, आणि मग पान हळूहळू भिंगाकडे आणायचं. चष्मा असेल तर राहू दे, काच चष्म्याला टेकवा. भिंगाचा हात गालाला टेकवायचा आणि पानाचा हात त्या हाताला, म्हणजे दोन्ही एकत्र हलतात. सकाळी नऊच्या आसपास उन्हाकडे पाठ करून नाही, तर ऊन बाजूने येईल असं उभं राहायचं. हे एकदा जमलं की त्या एलईडीची गरजच नाही.

तर अनंत. पान उलटं केलं आणि मधल्या शिरेला लागून जे दिसलं ते मी आधी शंभर वेळा बघितलं होतं, पण मला ते पानाचाच भाग वाटायचं. चपटे, लांबट-गोल, फिकट पोपटी रंगाचे, अडीच-तीन मिलिमीटरचे ठिपके, शिरेच्या दोन्ही बाजूंना बसमध्ये सीट धरून बसल्यासारखे. नुसत्या डोळ्याला एवढंच. भिंगातून त्या पोपटी पाठीतून आतलं दिसतं, काळ्या ठिपक्यांची एक वाकडी यू आकाराची रांग, आणि एका टोकाला डोळ्याचे दोन काळे बिंदू. ही हिरवी खवले कीड, कॉकस व्हिरिडिस, कॉफीवाल्यांची जुनी वैरीण, अनंत, लिंबू, इक्सोरा, पेरू यांच्यावर पण असते. पाय असतात पण एकदा सोंड खुपसून बसली की सहसा हलत नाही. नर तर यांच्यात जवळजवळ नसतातच, मादीच एकटी पिल्लं घालते, त्यामुळे एक राहिली तरी पुरे आहे. मेलेली असेल तर तपकिरी होते आणि ती काळी रांग दिसेनाशी होते, हे फवारणीनंतर बघायला फार उपयोगी.

आणि मग मला पिल्लं दिसली. तेव्हा मी जोरात ओरडले असणार कारण हे आतून चहाचा कप घेऊनच बाहेर आले. फिकट पिवळे, मिलिमीटरच्या पाव हिश्श्याएवढे कण, मी त्यांना पराग समजत होते, ते चालत होते. सहा पाय, दोन मिशा, व्यवस्थित चालत होते शेंड्याच्या कोवळ्या पानाकडे. खवले किडीचं हेच वय फिरतं असतं, वाऱ्याबरोबर पण जातं, माणसाच्या कपड्याला लागून पण जातं, आणि औषध लागू पडतं ते याच वयात, नंतर पाठ राठ झाली की फवारा वरून ओघळून जातो. काकींना बोलावून दाखवलं. आधी "माका काय दिसणा नाय गो" चाललं होतं, मग एकदम "अगो बाय माझे, चलता मां तां!" त्या दिवसापासून दिष्टीचा विषय बंद.

अनंतावर वर-खाली करणारे लाल मुंगळे, आमच्याकडे हुमले म्हणतात त्यांना, मी त्यांनाच कीड समजून पावडर टाकत होते आधी. ते त्या गोड पाण्यासाठी येतात आणि मोबदल्यात किडीला राखतात, तिला खायला आलेल्या ढालकिड्यांना (लेडीबर्ड म्हणतात ते) हुसकावून लावतात. भिंगाशिवाय पण ही खूण धरून ठेवा, एखाद्या झाडावर मुंग्यांची रांग दिवसभर वर जातेय आणि फूल-फळ काही नाही, तर वर कोणीतरी गोड सांडणारं बसलंय, खवले कीड, पिठ्या ढेकूण, मावा किंवा पांढरी माशी.

इथे एक गोष्ट जरा नीट सांगते, कारण भिंगाचे पैसे वसूल झाले ते हिच्यात. खवले किडीची ढोबळ दोन घराणी घरच्या बागेत येतात. एक सॉफ्ट स्केल, अनंतावरची ती, हिची पाठ म्हणजे हीच, वेगळी निघत नाही, आणि ही चिकटा, म्हणजे तेच साखरपाणी, सांडते म्हणून मुंग्या आणि काजळी. दुसरी आर्मर्ड स्केल, ही स्वतःच्या अंगावर मेणाचं आणि जुन्या कातडीचं वेगळं झाकण तयार करते आणि त्याच्या खाली राहते, शिंपल्यासारखी. ही चिकटा सांडत नाही. मुंग्या नाहीत, काजळी नाही, त्यामुळे माणसाचं लक्षच जात नाही, पान पिवळं पडायला लागल्यावर आपण खत घालत बसतो. ओळखायचं कसं तर भिंग डोळ्याला, दुसऱ्या हातात टाचणी, आणि कडेने झाकण उचकटायचं. झाकण पोह्यासारखं अलगद वेगळं निघालं आणि खाली पिवळसर मऊ पोतडी दिसली की आर्मर्ड. सगळं एकत्रच निघालं की सॉफ्ट. टाचणी टोचल्यावर ओल आली तर जिवंत, कोरडा भुगा झाला तर मेलेली, आणि मेलेली खवली झाडावर महिनोन्‌महिने तशीच चिकटून राहते, त्यामुळे "फवारलं तरी गेली नाही" म्हणून परत फवारण्याआधी पाच-दहा टोचून बघा.

हा फरक का महत्त्वाचा, तर दुकानात सर्रास इमिडाक्लोप्रिड नावाचं कीटकनाशक हातात देतात. ते झाडाच्या रसातून फिरतं, सॉफ्ट स्केल तोच रस पिते म्हणून तिला लागतं, पण आर्मर्ड स्केल त्या रसाच्या नळीतून पीत नाही, पानातल्या पेशी फोडून खाते, तिच्यातल्या बहुतेकींना ते लागत नाही. म्हणजे पैसे घाला, मधमाश्यांना त्रास द्या, आणि खवली जागच्या जागी. मी खायच्या झाडांना आणि मधमाश्या येतात त्या झाडांना ते वापरतच नाही, पण ज्यांना वापरायचं त्यांनी निदान आधी टाचणी लावून बघा.

आमच्या दारातल्या हापूसवर ही आर्मर्ड निघाली. पानांवर पांढरे ठिपके, मला वाटायचं मागच्या वर्षी भिंतीला चुना मारला त्याचे शिंतोडे. भिंगातून बघितलं तर दोन प्रकारचे, एक गोल, चपटे, पातळ, साबुदाण्याच्या पापडाचा बारीक तुकडा चिकटावा तसे, कडेजवळ एक तपकिरी ठिपका, या माद्या. आणि त्यांच्या आजूबाजूला घोळक्याने लांबट पांढऱ्या कण्या, प्रत्येक कणीवर उभ्या तीन धारा, अगदी कोरल्यासारख्या, हे वाढणारे नर. नराला पुढे पंख फुटतात, तोंड नसतं, एखाद-दोन दिवस जगतो आणि संपतो. ही आंब्याची पांढरी खवले कीड. ती तीन धारांची कणी एकदा बघितलीत की जन्मात विसरणार नाही, मी तर पाहुण्यांना आंब्याबरोबर ती पण दाखवते, काहींनी आंबा खायचा थांबवला.

हापूसच्या पानावर खवले कीड सोडून बाकी पण इतकं काही असतं की भिंग नसेल तर गोंधळ होणारच. पानात रुतलेल्या फोडासारख्या गाठी असतात त्या मिजमाशीच्या, नखाने निघत नाहीत कारण अळी पानाच्या आत असते. नारिंगी मखमली गोल ठिपके असतात ते शेवाळ, पावसाळ्यानंतर खूप दिसतात. खोडावर करड्या-हिरव्या पापड्या असतात ते दगडफूल, ते आपल्या हवेत सगळ्याच झाडांवर असतं, ते खरवडत बसू नका. माझा साधा नियम, नखाने सरकवायचं, निघालं आणि खाली डाग राहिला तर भिंग काढायचं.

नारळाला हे भिंग अर्थातच वर पोचत नाही, पडलेलं चुडत, म्हणजे झावळी, बघायचं. त्याच्या पात्यांच्या खालून अर्धपारदर्शक गोल टिकल्या आणि मध्ये पिवळा जीव, जणू टिकलीखाली हळदीचा कण, ही नारळाची खवले कीड. पण हल्ली चुडताखाली पांढऱ्या मेणाची गोल-गोल रांगोळी दिसते आणि खालची केळ, जास्वंद सगळं काळं होतं, ती वेगळी, ती चक्राकार पांढरी माशी, भारतात पहिल्यांदा २०१६ मध्ये तामिळनाडूत पोल्लाचीकडे सापडली आणि आता किनाऱ्याने आपल्याकडे आलीय. आमच्या वाडीत अजून लोक तिला मिलीबग, म्हणजे पिठ्या ढेकूण, म्हणतात.

आता माझी फजिती. भिंग घेऊन महिना झाला होता, मी स्वतःला तज्ज्ञ समजायला लागले होते. जास्वंदीवर पिठ्या ढेकूण होते, त्यांच्यात काही मोठे, बोटाच्या पेरापेक्षा थोडे लहान, पांढऱ्या मेणाच्या लांब लांब झिपऱ्या असलेले. मी म्हटलं हे त्यांचे आजोबा, चिमट्याने एकेक काढून साबणाच्या पाण्यात, पंधरा-वीस तरी. एक जण पळाला. पिठ्या ढेकूण असा पळत नाही, तो रांगतो. भिंगाखाली धरलं तर खाली दणकट पाय आणि तोंडात अर्धा खाल्लेला पिठ्या. ती ढालकिड्याची अळी होती, क्रिप्टोलिमस, पिठ्यासारखाच वेष घेऊन पिठ्याच खाते. हा ऑस्ट्रेलियाचा किडा, आपल्या देशात १८९८ मध्ये आणला तो माझ्या अनंतावरच्या त्याच हिरव्या खवले किडीवर सोडायला, तिच्यावर त्याने फार काही केलं नाही, पिठ्यावर मात्र कायमचा वस्तीला राहिला. लोक प्रयोगशाळेतून विकत घेतात हे किडे, आणि मी फुकट आलेले बुडवले.

चुकीच्या ओळखीत माझ्यापेक्षा मोठी नावं आहेत हा एक दिलासा. १७९५ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या काळात लाल रंग देणारी कोचिनील कीड म्हणून ब्राझीलहून निवडुंगावरची एक कीड भारतात आणली, ती पण खवले किडीचीच चुलत बहीण, पण जात निघाली भलतीच. रंग कामाचा मिळाला नाही, उलट तिने निवडुंगाची रानंच्या रानं साफ केली. लाख पण याच कुळातली बरं का, आपल्या लाखेच्या बांगड्या म्हणजे पळस-कुसुंब-बोरीवरच्या खवले किडीच्या भाऊबंदांचं घर वितळवून केलेल्या. हे सांगितल्यावर काकींनी दोन दिवस बांगड्या काढून ठेवल्या होत्या.

फोनचा क्लिपवाला मॅक्रो लेन्स पण घेतलाय मी, २९९ ला, त्याबद्दल थोडक्यात. फोटो काढून मुलाला पाठवायला छान, ओळखायला तितका नाही, कारण फोन एका हातात, पान दुसऱ्या, टाचणी तिसऱ्या हातात कुठून आणणार. क्लिप महिन्याभरात सैल पडली. आणि झाडाचा रोग ओळखणारं ॲप, ते तर विचारूच नका. आमच्या समोरच्या बाईंच्या नेच्याच्या पानाखाली तपकिरी ठिपके होते, ॲपने छातीठोक सांगितलं खवले कीड, त्यांनी औषध मारलं, नेचा कोमेजला. मी भिंग घेऊन गेले तर ठिपके सगळे सारख्या अंतरावर, शिरेच्या दोन्ही बाजूंना माळेत ओवल्यासारखे, फक्त पानाच्या खालीच, आणि बारीक बघितलं तर प्रत्येक ठिपका म्हणजे गोल डबड्यांचा घोस. नेच्याचं बी हो ते, बीजाणू. नेच्याला खरी खवले कीड होते तेव्हा तपकिरी, गुळगुळीत, शिरस्त्राणासारखी फुगीर खवली येते, वेडीवाकडी कुठेही, देठावर पण, आणि नखाने टचकन उडते. फोटोत दोन्ही सारखंच दिसतं, ॲपचा पण दोष काय म्हणा.

अनंताचं काय केलं ते विचाराल म्हणून. सगळ्यात किडलेल्या चार फांद्या छाटून जाळल्या. बाकी पानांच्या पाठी जुन्या टूथब्रशने साबणाच्या पाण्याने घासल्या, कंटाळवाणं आहे पण अर्धं काम त्यातच होतं. मग लिटरला ५ मिली निंबोळी तेल, आधी त्यात थोडा लिक्विड साबण घोटून, संध्याकाळी ऊन उतरल्यावर, पानाच्या खालून, आठ-दहा दिवसांनी असं तीनदा. खोडाला कागदाची पट्टी गुंडाळून वर ग्रीस, म्हणजे हुमल्यांचा जिना बंद, ग्रीस थेट सालीला लावू नका. काटकीला दुहेरी चिकटपट्टी पण लावली होती, तिच्यावर पिवळी पिल्लं चिकटलेली दिसली की फवारायची वेळ, हे मोजायला परत भिंगच. दर फवारणीनंतर एका पानावरच्या खवल्या मोजायच्या, किती पोपटी, किती तपकिरी.

आणि जुलैत एक गंमत दिसली. काही खवल्यांभोवती पांढऱ्या कापसाची गोल झालर, चंद्राला खळं पडतं तशी. ही चांगली बुरशी, दुकानात व्हर्टिसिलियम लेकॅनी म्हणून पाकिटात मिळते, आणि आपल्या पावसाळ्याच्या दमट हवेत ती स्वतःहूनच येते. म्हणजे आदल्या वर्षी मी जे तीन वेळा बुरशीनाशक मारलं ते बहुतेक हिलाच मारलं. काही खवल्यांच्या पाठीला टाचणीने पाडल्यासारखं गोल भोक दिसतं, ते पण चांगलं लक्षण, आत अंडं घालणारी बारीक गांधीलमाशी आपलं काम करून उडून गेली. अशी भोकं बरीच दिसली की मी त्या फांदीला हात लावत नाही.

भिंगाच्या तक्रारी. एलईडी सहा महिन्यांत एक गेला, सेलच्या झाकणाचा स्क्रू इतका बारीक की घड्याळवाल्याकडे जावं लागलं. खाऱ्या हवेने बिजागरीला गंज धरला, शिवणाच्या मशीनचं तेल एक थेंब टाकते महिन्याला. पावसाळ्यात उघडं ठेवलं तर काचेत बुरशी धरेल, मी औषधाच्या बाटलीत येतात त्या पुड्या घालून स्टीलच्या डबीत ठेवते. काच पदराने पुसू नका, आपल्या अंगणातली रेती म्हणजे पॉलिश पेपर. कव्हरला भोक आहे त्यात दोरी ओवून गळ्यात घाला, माझं एकदा विहिरीच्या कठड्यावरून सुटलं, आत पडता पडता तुळशीत अडकलं.

काजू-आंब्याची मोठी बाग असेल आणि नुकसान पसरत असेल तर मात्र भिंगावर भिस्त ठेवू नका, फांदी प्लास्टिकच्या पिशवीत घालून जाणत्या माणसाला दाखवा, आमच्या वेंगुर्ल्यात फळ संशोधन केंद्र १९५७ पासून आहे, वर दापोलीला कोकण कृषी विद्यापीठ. हे खेळणं परसबागेपुरतं.

पाचपैकी चार. एक स्टार डब्यावरच्या ३० एक्सचा कापला. काकींना पण तेच मागवून दिलं, यंदा ३८० झालंय.